मुद्दलाला हात न लावता डिव्हिडंडवर घर चालेल का?

प्रश्न

वडोदऱ्याच्या 61 वर्षांच्या एक वाचक भगिनी लिहितात: मकरपुऱ्यातल्या एका खासगी कारखान्याच्या हिशेब खात्यातून यंदा निवृत्त झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 42 लाख हातात आले. बँकेत 8 लाखांच्या एफडी आहेत. घर स्वतःचं, कर्ज नाही. यजमान 66 वर्षांचे. दोघांचं ईपीएस पेन्शन मिळून महिन्याला साधारण 6,000 येतं, खर्च 35,000 आहे. मुलगा पुण्यात असतो, त्याच्यापुढे हात पसरायची वेळ येऊ नये एवढीच इच्छा. माझे धाकटे दीर बरीच वर्षं शेअर बाजारात आहेत. त्यांनी जास्त डिव्हिडंड देणाऱ्या बारा कंपन्यांची यादी करून दिली आहे, सरासरी नऊ टक्के. सगळे 42 लाख त्यात घातले की वर्षाला पावणेचार लाख घरबसल्या येतील, मुद्दल जसंच्या तसं राहील आणि भाव वाढले तर तो फायदा वेगळाच, असं ते म्हणतात. मुलगा नको म्हणतो, पण का ते नीट सांगत नाही. यादी सोबत पाठवत आहे. यातल्या कोणत्या घ्याव्यात? आणखी एक: सासऱ्यांच्या नावचे आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीच्या 100 शेअर्सचे जुने कागद कपाटात सापडले आहेत. त्यांचं आता काही होतं का?

उत्तर

ताई, गुणाकार बरोबर आहे. 42 लाखांचे नऊ टक्के म्हणजे 3 लाख 78 हजार. पण हिशेब खात्यात तुम्ही कुठलाही आकडा व्हाउचर पाहिल्याशिवाय मान्य केला नसेल. या ‘नऊ टक्क्यां’चं व्हाउचरही तसंच काढून पाहू.

मोबाइलवर कुठल्याही कंपनीसमोर जो डिव्हिडंड यील्ड दिसतो, तो गेल्या बारा महिन्यांत वाटलेला लाभांश (म्हणजेच डिव्हिडंड) भागिले आजचा भाव, एवढाच असतो. म्हणजे अंश जुना आणि छेद आजचा. पुढच्या वर्षी काय मिळणार याबद्दल तो काहीच सांगत नाही. हा आकडा मोठा दिसायची कारणं अनेक असतात आणि त्यातली बरीचशी चांगली नसतात. कंपनीने एखादी जमीन किंवा धंद्याचा एखादा भाग विकून एकदाच खास लाभांश दिलेला असतो. कधी धंदा बिघडल्याचं बाजाराला आधीच कळून भाव पडलेला असतो, मग छेद लहान झाला म्हणून टक्का फुगतो. कधी मध्येच बोनस शेअर (फुकट मिळालेले जादा शेअर) किंवा विभाजन (एका शेअरचे अनेक) झालेलं असतं आणि वेबसाइटने जुना लाभांश दुरुस्त केलेला नसतो.

टोकाचं उदाहरण मॅजेस्को या कंपनीचं. अमेरिकेतला धंदा विकून आलेला पैसा तिने डिसेंबर 2020 मध्ये वाटून टाकला, शेअरमागे 974 रुपये. लाभांशाआधी भाव 985 च्या आसपास होता. एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही त्या दिवशी, भाव 12 रुपयांच्या घरात आला. त्यानंतर काही काळ ज्याने यील्डचा रकाना उतरत्या क्रमाने लावून पाहिला असेल, त्याला या कंपनीसमोर हजारांत टक्के दिसले असतील. प्रत्यक्षात पेटी रिकामी झाली होती.

वेदांताचं उदाहरण जास्त शिकवणारं आहे, कारण तिथे धंदा जागेवर होता. 2022-23 मध्ये कंपनीने पाच हप्त्यांत मिळून शेअरमागे 101.50 रुपये दिले. मार्च 2023 अखेर भाव पावणेतीनशेच्या आसपास होता, म्हणजे रकान्यात जवळपास 37 टक्के. पण त्या वर्षीच्या एकत्रित नफ्यात भागधारकांचा जो वाटा होता, त्याच्या तिपटीहून जास्त रक्कम कंपनीने वाटली होती. उरलेला पैसा साठवलेल्या गंगाजळीतून आला आणि परदेशातल्या मुख्य कंपनीला कर्जं फेडायला पैसा हवा होता, हे बाजारात कोणापासून लपलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी, 2023-24 मध्ये, मिळाले 29.50. पावणेतीनशेला घेणाऱ्याला तरीही दहा टक्क्यांवर सुटले, ते वाईट नाही. पण 37 टक्के धरून ज्याने घरखर्च मांडला असेल, त्याचं उत्पन्न सत्तर टक्क्यांनी घटलं.

आता ‘मुद्दल जसंच्या तसं राहील’ याकडे येऊ. पत्रातलं हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकलं, कारण बाकीचा सगळा बेत त्यावर उभा आहे.

एफडीवर व्याज मिळतं तेव्हा मुद्दल खरोखरच तसंच राहतं. शेअरचं तसं नाही. कंपनीने शेअरमागे दहा रुपये वाटले की तिच्या खात्यातले दहा रुपये कमी होतात आणि एक्स-डेटला भावही साधारण तेवढाच खाली उघडतो. म्हणूनच एक्स-डेटच्या आदल्या दिवशी शेअर घेऊन, लाभांश पदरात पाडून, दुसऱ्या दिवशी विकून टाकायची युक्ती चालत नाही. तुमच्याच पैशातला एक भाग लाभांश म्हणून तुमच्याकडे येतो. धंदा नफा करत राहिला तर भाव पुन्हा भरून येतो. नाही केला तर तुम्ही मुद्दलच खात असता, फक्त ते पासबुकात दिसत नाही.

कोल इंडिया घ्या. तुमच्या यादीत ती आहेच, आणि कंपनी काही वाईट नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये तिचा शेअर 245 रुपयांना विक्रीला आला. समजा कोणी निवृत्तीच्या पैशातून 1,000 शेअर 2 लाख 45 हजारांना घेतले. 2013-14 मध्ये शेअरमागे 29 रुपये आले, कारण केंद्र सरकारला त्या वर्षी तूट भरून काढायची होती आणि सर्वांत मोठी भागधारक सरकारच आहे. म्हणजे त्या माणसाला 29,000 मिळाले. 2019-20 मध्ये मिळाले 12 रुपये, म्हणजे 12,000. सहा वर्षांत महागाई वाढली आणि उत्पन्न मात्र निम्म्याहून खाली आलं. ऑक्टोबर 2020 मध्ये भाव 115 च्या आसपास होता, म्हणजे 2 लाख 45 हजारांचे सव्वा लाखही उरले नव्हते. दहा वर्षांत शेअरमागे दीडशे रुपयांहून जास्त लाभांश मिळाला होता हे खरं, त्यामुळे एकूण हिशेबात तो बुडाला नाही. पण तोवर तो लाभांश किराण्यात, विजेच्या बिलात खर्च झाला होता. त्या वर्षी घरात शस्त्रक्रिया निघाली असती तर शेअर निम्म्या भावात विकावे लागले असते. पुढे 2024-25 मध्ये लाभांश 26.50 वर गेला, आणि त्याआधी 2024 मध्ये भावही 500 च्या वर जाऊन आला. ज्याला थांबता आलं त्याचं भलं झालं. तुमच्या दिरांच्या बेतात तुम्हाला थांबायला जागाच ठेवलेली नाही, आणि माझा मुख्य आक्षेप यालाच आहे.

यादी मी नीट पाहिली. बारा नावं आहेत, पण चार तेल आणि वायूची, तीन कोळसा आणि विजेची, दोन धातूंची, दोन सरकारी वित्तसंस्था आणि एक सॉफ्टवेअर कंपनी, जिने यंदा खास लाभांश दिला आहे. म्हणजे बारा टोपल्या दिसत असल्या तरी अंडी तीन-चारच टोपल्यांत आहेत. त्यातही नऊ कंपन्या सरकारी. सरकारी कंपन्या भरघोस वाटतात त्यामागे नियम आहे: नोव्हेंबर 2024 च्या केंद्राच्या सूचनेप्रमाणे करोत्तर नफ्याच्या 30 टक्के किंवा नक्त मत्तेच्या (मालमत्ता वजा देणी) 4 टक्के, यांतलं जे जास्त असेल किमान तेवढा लाभांश त्यांनी दरवर्षी द्यायचा. पण नफ्याच्या 30 टक्के द्यायचे तर नफा व्हायला हवा. 2022-23 मध्ये कच्चं तेल महागलं आणि पंपावरचे दर मात्र गोठवून ठेवले, तेव्हा हिंदुस्थान पेट्रोलियमला जवळपास 9,000 कोटींचा तोटा झाला आणि त्या वर्षाचा लाभांश शून्य. पुढच्याच वर्षी विक्रमी नफा झाला, लाभांशही परत आला. दहा वर्षांची सरासरी काढणाऱ्याला यात काही वावगं दिसणार नाही. तुम्हाला मात्र ते मधलं वर्षही जेवायचं आहे. बँकांचंही असंच: एप्रिल 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने 2019-20 च्या नफ्यातून लाभांश वाटू नका असं सांगितलं, आणि चांगल्या चालणाऱ्या बँकांचे भागधारकसुद्धा कोरडे राहिले.

आता दोन आकडे शेजारी ठेवते. वरिष्ठ नागरिक बचत योजनेत, म्हणजे एससीएसएसमध्ये, सध्या 8.2 टक्के मिळतात. एप्रिल 2023 पासून हाच दर आहे. सरकार दर तिमाहीला दराचा फेरविचार करतं, पण एकदा खातं उघडलं की तुमच्यासाठी पाच वर्षं तोच दर राहतो. एका व्यक्तीला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. दिरांचे नऊ टक्के अगदी खरे निघाले असं मानलं, तरी 30 लाखांवर फरक पडतो वर्षाला 24,000 रुपयांचा, महिन्याला 2,000. त्या 2,000 साठी तुम्ही 30 लाखांच्या मुद्दलाची आणि उत्पन्नाची दोन्हींची हमी सोडणार. मुलगा नको म्हणतो ते बहुधा यासाठीच.

तुमच्या जागी मी रक्कम अशी लावली असती. 30 लाख एससीएसएसमध्ये, तुमच्या नावे, यजमान जोडधारक. दर तिमाहीला 61,500, म्हणजे वर्षाला 2,46,000. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत 9 लाख, 7.4 टक्क्यांनी महिन्याला 5,550, वर्षाला 66,600. ईपीएसचे 72,000 धरले की झाले 3,84,600. तुमचा वर्षाचा खर्च 4,20,000, म्हणजे 35,400 कमी पडतात. उरलेल्या 11 लाखांपैकी 3 लाख आजारपण आणि अडीअडचणीसाठी एफडीत राहू देत. त्याला साडेसहा टक्के धरले तर 19,500 येतात. राहिले 8 लाख, ते शेअर्ससाठी. तिथे साडेतीन टक्के लाभांश धरा, जास्त धरू नका: 28,000. खर्च भागून वर बारा हजार उरतात.

या मांडणीत लाभांश अर्ध्यावर आला तर वर्षाला 14,000 कमी होतील, म्हणजे महिन्याला 1,200 च्या आत. त्यातले बरेचसे वर उरलेल्या बारा हजारांतूनच भरून निघतात. दिरांच्या मांडणीत लाभांश अर्ध्यावर आला तर महिन्याला पावणेसोळा हजार जातील आणि पुण्याला फोन करावा लागेल. तुम्हाला नेमकं तेच टाळायचं आहे.

एससीएसएसबद्दल एक खबरदारी. खातं वर्षाच्या आत मोडलं तर व्याज मिळत नाही, दिलेलंही कापून घेतात. दुसऱ्या वर्षात मोडलं तर मुद्दलातून दीड टक्का आणि त्यानंतर पाच वर्षांच्या आत एक टक्का कापतात. म्हणून सगळे 30 लाख एकाच खात्यात न ठेवता 10-10 लाखांची तीन खाती उघडा. अडचण आलीच तर एकच मोडावं लागेल. आणि निवृत्तीबरोबर कंपनीचा सामूहिक आरोग्यविमा संपला असेल, तर वेगळी पॉलिसी आधी घ्या. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतचं संरक्षण मिळतं, पण यजमानांना त्याला अजून चार वर्षं आहेत. विमा नसेल तर 3 लाखांची एफडी एका आजारपणात संपते.

तुम्ही म्हणाल, यात वाढ कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. महागाई सहा टक्के धरली तर आजचा 35,000 चा खर्च पाच वर्षांनी 46,800 च्या आसपास जातो, आणि पोस्टाचं व्याज जागच्या जागी राहतं. 8 लाख शेअर्समध्ये ठेवायला सांगते आहे ते याच कारणासाठी: चांगल्या धंद्याचा लाभांश वर्षागणिक वाढतो. तरी तेवढ्याने खड्डा भरणार नाही. पाच-सहा वर्षांनी तुम्हाला मुद्दलातून थोडं थोडं काढावं लागेल, आणि ते काढावं असं माझं स्पष्ट मत आहे. घर आहे, ते मुलाला जाणारच. 50 लाख जसेच्या तसे मागे ठेवायचे म्हणून उतारवयात औषधं आणि प्रवास यांत काटकसर करायची, असं मुलाने तरी तुमच्याकडे मागितलंय का? मुद्दलाला हात लावू नये हा दंडक आपल्या आईवडिलांच्या पिढीने घातला, तेव्हा अनेकांना आयुष्यभराचं पेन्शन होतं. तुमचं पेन्शन 6,000 आहे. तुमच्यासाठी हे मुद्दल म्हणजेच पेन्शन.

आता त्या 8 लाखांबद्दल. कोणत्या कंपनीचे शेअर घ्या हे मी सांगणार नाही. तसा सल्ला द्यायला सेबीची, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाची, नोंदणी लागते, आणि वरची नावं फक्त उदाहरणं म्हणून आली आहेत. पण गाळणी कशी लावायची ते सांगते.

प्रत्येक कंपनीचा गेल्या दहा वर्षांचा प्रति शेअर लाभांश रुपयांत लिहून काढा. टक्क्यांत लिहू नका, कारण कंपन्या टक्के दर्शनी किमतीवर (शेअरची छापील मूळ किंमत, बाजारभाव नव्हे) सांगतात: 2 रुपये दर्शनी किमतीवर ‘500 टक्के’ म्हणजे 10 रुपये. बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर ‘कॉर्पोरेट अॅक्शन्स’खाली ही सगळी नोंद असते. मध्ये बोनस किंवा विभाजन असेल तर आधीचे आकडे त्या प्रमाणात भागून घ्या. 2019-20 आणि 2020-21 या वर्षांवर बोट ठेवा. त्या काळात ज्यांनी कापला नाही किंवा थोडाच कापला, त्यांच्याकडे वळा.

मग वार्षिक अहवालातलं रोख प्रवाहाचं पत्रक उघडा. तुम्हाला ते वाचता येतं, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. सर्वांत वर कामकाजातून आलेली रोकड असते. तिच्यातून यंत्रं-इमारतींवरचा खर्च वजा करा. जे उरतं त्यातून लाभांश निघायला हवा. समजा कामकाजातून 1,000 कोटी आले, यंत्रांवर 600 गेले आणि लाभांश 550 दिला, तर 150 कोटी कुठून आले? त्याच पत्रकात खाली नव्या कर्जाची ओळ दिसेल. एखाद्या वर्षी असं झालं तर चालतं, पाचातल्या तीन वर्षी झालं तर ती कंपनी सोडा. नफ्याच्या किती टक्के वाटले हे पाहताना धंद्याचा स्वभाव बघा. साबण, बिस्किटं, सिगारेट विकणाऱ्या कंपनीला कारखान्यावर फार खर्च नसतो, तिने नफ्याच्या 80-90 टक्के वाटले तरी झेपतं. धातूच्या कंपनीने तेजीच्या वर्षी 80 टक्के वाटले तर तो आकडा पुढच्या वर्षासाठी धरूच नका. शेअर बाजारातल्या, बाजारमूल्याने पहिल्या 1,000 कंपन्यांना लाभांशाचं धोरण जाहीर करावं लागतं. ते दोन-तीन पानांचं असतं, नेहमी मोघमच असतं, तरी नजर टाका.

या गाळणीतून गेलेल्या कंपन्यांचा लाभांश बहुधा भावाच्या अडीच ते चार टक्के असेल. निफ्टीचा सरासरी आकडा सव्वा टक्क्याच्या आसपास असतो, त्या मानाने हे भरपूर आहे. सहा टक्क्यांच्या वर दिसलं की कारण सापडेपर्यंत पैसे घालू नका.

एका कंपनीत लाखाच्या वर नको, एका उद्योगातल्या दोनपेक्षा जास्त कंपन्या नकोत. सगळं एका दिवशी घेऊ नका. आता 42 लाखांतले 3 लाख मोकळे आहेतच. बाकीचे 5 लाख एफडी जसजशा मुदतीला येतील तसे वळवा. एकेका कंपनीत 25,000 चे चार हप्ते, दीड वर्षात मिळून 8 लाख. हे वाचून थकवा आला असेल तर निम्मे पैसे निर्देशांक फंडात (निफ्टीसारख्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसे घालणारा म्युच्युअल फंड) घाला, ग्रोथ पर्यायात, म्हणजे जिथे लाभांश न वाटता फंडातच राहतो, आणि वर्षातून एकदा लागतील तेवढी युनिट्स विका. शेअर आणि इक्विटी फंडांवरचा दीर्घ मुदतीचा नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे, त्यामुळे तुमच्या रकमेवर कर लागायचा नाही. ‘डिव्हिडंड यील्ड फंड’ हे नाव पाहून फसू नका: तो फंड लाभांश देणाऱ्या कंपन्यांत गुंतवतो, तुम्हाला दरमहा काही देईलच असं नाही. आणि फंडाचा जो पर्याय पूर्वी ‘डिव्हिडंड’ म्हणून विकला जायचा त्याचं नाव एप्रिल 2021 पासून सेबीने ‘आयडीसीडब्ल्यू’ करायला लावलं, म्हणजे उत्पन्नासोबत भांडवलही काढून दिलं जातं हे नावातच आलं.

इन्व्हिट (वीजवाहिन्या, रस्ते अशा प्रकल्पांचं उत्पन्न वाटणारे ट्रस्ट) आणि रीट (इमारतींचं भाडं वाटणारे ट्रस्ट) यांची जाहिरात तुमच्याकडे येईलच. पॉवरग्रिड इन्व्हिट मे 2021 मध्ये 100 रुपयांना आला, वर्षाला 12 रुपये देतो, आणि भाव नंतर शंभराच्या बराच खाली गेला. त्या बारा रुपयांत काही भाग भांडवलाची परतफेड असते. पन्नास हजार ठेवायला हरकत नाही, त्याहून जास्त नको.

लाभांश महिन्याच्या महिन्याला येत नाही. अंतिम लाभांश वार्षिक सभेनंतर, बहुतेक जुलै ते सप्टेंबरमध्ये. अंतरिम साधारण नोव्हेंबरमध्ये आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधले महिने कोरडे. म्हणून डिमॅटला (शेअर ठेवायच्या खात्याला) एक वेगळं बचत खातं जोडा आणि पहिल्या वर्षीचा लाभांश त्यातच साचू द्या. 1 एप्रिलला जी रक्कम असेल तिला बाराने भागा आणि तेवढे दरमहा घरखर्चाच्या खात्यात जाऊ द्या. या वर्षी आलेलं पुढच्या वर्षी खर्चायचं, म्हणजे कोणी लाभांश कापला तर तुम्हाला वर्षभर आधी कळतं. पहिल्या वर्षीचा तुटवडा एफडीच्या व्याजातून आणि थोडा मुद्दलातून काढा, हरकत नाही.

कराचं थोडक्यात. एप्रिल 2020 पासून लाभांश आपल्या उत्पन्नात धरला जातो. एका कंपनीकडून वर्षाला 10,000 च्या वर आला तर ती 10 टक्के टीडीएस कापते (2024-25 पर्यंत ही मर्यादा 5,000 होती). दिरांच्या बेतात बाराही कंपन्यांनी प्रत्येकी तीन हजारांवर कापले असते, आणि ते टाळायचं तर दरवर्षी प्रत्येक कंपनीच्या रजिस्ट्रारकडे (भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे) वेगळा 15-एच, म्हणजे ‘मला कर लागत नाही, टीडीएस कापू नका’ असं सांगणारा ज्येष्ठांचा फॉर्म, द्यावा लागला असता. माझ्या मांडणीत एका कंपनीकडून तीन-चार हजारच येतील, तिथे प्रश्नच नाही. 15-एच फक्त एससीएसएसच्या ठिकाणी द्या, कारण तिथलं व्याज लाखाच्या वर जातं. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत कर नाही आणि त्यापुढे बारा लाखांपर्यंत सवलत आहे, तेव्हा तुम्हाला कर पडत नाही. नवा आयकर कायदा एप्रिल 2026 पासूनचा आहे. त्यानंतर फॉर्म भरताना चालू क्रमांक बँकेत विचारून घ्या.

आयपीसीएलचे कागद जपून ठेवा. वडोदऱ्यातल्या कितीतरी मराठी घरांत ते निघतात. 2007 मध्ये आयपीसीएल रिलायन्समध्ये विलीन झाली, पाच शेअर्सना रिलायन्सचा एक. म्हणजे 100 चे 20 झाले. 2009, 2017 आणि 2024 मध्ये एकास एक बोनस मिळाला: 20 चे 40, 80, 160. शिवाय 2023 मध्ये जिओ फायनान्शियलचे 80. रिलायन्सचा भाव 1,400 धरला तरी ते सव्वादोन लाखांच्या आसपास जातं. आणि याच शेअरचा 2024-25 चा लाभांश होता 5.50 रुपये, अर्धा टक्कासुद्धा नाही. यील्डचा रकाना पाहून शेअर निवडणाऱ्याने याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

सात वर्षं लागोपाठ लाभांश घेतला नसेल तर लाभांश आणि शेअर दोन्ही सरकारच्या आयईपीएफ निधीकडे जातात. ते बुडत नाहीत, मागून परत मिळवता येतात. आधी रिलायन्सचे रजिस्ट्रार केफिन टेक्नॉलॉजीज यांच्याकडे फोलिओ क्रमांक देऊन सद्यस्थिती विचारा. सासरे हयात नसतील तर वारसांच्या नावे करण्यासाठी आयएसआर-5 हा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काची कागदपत्रं लागतील; सोबत वारसाचं केवायसी आयएसआर-1 वर. शेअर निधीकडे गेले असतील तर कंपनीकडून हक्काचं पत्र घेऊन मग आयईपीएफ-5 ऑनलाइन भरायचा. सासऱ्यांचे वारस तुमचे यजमान आणि दीर दोघेही असणार, तेव्हा हे काम दिरांना विश्वासात घेऊनच करा, आणि कमिशनवर काम करून देणाऱ्या मध्यस्थाला मूळ कागद देऊ नका.

डिमॅट खातं तुमच्याच नावे उघडा, नॉमिनी लावा, मोबाइल आणि ईमेलही तुमचाच द्या. ओटीपी दिरांनासुद्धा सांगू नका. हा अविश्वास नाही. उद्या काही चुकलं तर नात्यात कटुता येऊ नये म्हणून. त्यांच्या अनुभवाचा उपयोग मात्र जरूर करून घ्या. यादी परत देताना त्यांच्याकडून प्रत्येक कंपनीच्या दोन ओळी मागा: दहा वर्षांचा प्रति शेअर लाभांश, बोनसची दुरुस्ती करून, आणि पाच वर्षांची यंत्रखर्च वजा जाता उरलेली रोकड. बारातल्या चार-पाच गळतील. उरलेल्यांत तेल, कोळसा, वीज आणि धातू मिळून दोनच ठेवा, बाकीच्या जागा रोजच्या वापराच्या वस्तू, औषधं आणि सॉफ्टवेअर अशा वेगळ्या उद्योगांतून भरायला सांगा, आणि ती नवी यादी आली की पहिला 25,000 चा हप्ता घाला. एससीएसएसचं खातं मात्र त्याची वाट न पाहता याच आठवड्यात उघडा.